आजीला जुन्या फोटोंबद्दल विचारलं तर तिला काय वाटेल?

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. आजी किंवा आजोबा खूप आजारी असतात, आता बरं करण्यासारखं काही उरलं नाही असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलेलं असतं, आणि कपाटात जुन्या फोटोंचा डबा असतो ज्यातले निम्मे चेहरे फक्त त्या एकाच माणसाला ओळखू येतात. विचारावं तर तिला वाटेल हे माझ्या जाण्याची तयारी करतायत, आणि नाही विचारलं तर सगळं तिच्याबरोबरच जाणार. नातवंडं यात अक्षरशः पिचून जातात.

एका मुलीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आजीनेच वाढवलेली मुलगी. आजीचं हृदय थकत चाललेलं, घरीच होती, बोलायची पण लगेच धाप लागायची. ही माझ्याकडे आली ती झोप येत नाही म्हणून, आणि बोलता बोलता कळलं की रात्र रात्र जागून फोटो स्कॅन करतेय. काम एकदम चोख, छोट्या फोटोंना ६०० डीपीआय (म्हणजे बारीकसारीक सगळं दिसेल इतकं स्पष्ट), प्रत्येक फाईलला नंबर, एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. मी विचारलं, आजी काय म्हणते यावर? तर गप्पच झाली. आजीला यातलं काही माहीतच नव्हतं! ही तिच्या खोलीत गोळ्या द्यायला जायची तेवढीच, कारण तिथं बसलं की रडू यायचं आणि आजीसमोर कोणी रडायचं नाही असं घरात ठरलेलं.

स्कॅनिंग चांगलंच काम आहे, पण इथं ते खोलीत न जायचं कारण झालं होतं.

माणूस हयात असतानाच आपण त्याचं दुःख करायला लागतो हे अगदी नॉर्मल आहे. एरिक लिंडेमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४४ मध्येच यावर लिहिलंय, आणि त्यात एक गोष्ट आहे जी मी घरच्यांना मुद्दाम सांगते. युद्धावर गेलेल्या एका सैनिकाच्या बायकोने त्याच्या मरणाचं दुःख मनातल्या मनात इतकं पूर्ण करून टाकलं की तो जिवंत परत आला तेव्हा तिला त्याच्याबद्दल काही वाटेना, घटस्फोटच मागितला तिने. आजारी माणसाच्या घरात याचं छोटं रूप मला नेहमी दिसतं, आजी अजून आत आहे आणि बाहेर सगळे तिच्याबद्दल 'ती असायची' असं बोलायला लागलेत.

आता मूळ भीतीकडे येते. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलं की शेवट जवळ आला की माणूस आपलं आयुष्य मागे वळून बघतोच, ते डोकं चालेनासं झाल्याचं लक्षण नाही, तो मनाचा स्वाभाविक व्यवहार आहे. म्हणजे तुम्ही विचारा नाहीतर नका विचारू, आजी ते करतच असते, फक्त एकटी करत असते. त्यामुळे फोटो दाखवल्याने तिच्या डोक्यात मरणाचा विचार आपण घालतो असं मला तरी वाटत नाही.

फरक पडतो तो कसं विचारतो त्याने. डबा नेऊन समोर ओतू नका, एक फोटो न्या, फार तर दोन. 'हा कोण, ओळख बघू' असं परीक्षा घेतल्यासारखं नको, नाव आठवलं नाही की माणसाला फार लाज वाटते. 'याबद्दल सांग ना' एवढंच म्हणा. साधारण १० ते ३० वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त येतात, तेव्हा त्या काळातला फोटो निवडा. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, आणि दमली की थांबा.

ती मुलगी असाच एक फोटो घेऊन गेली, दोन तरुण मुली शेजारी उभ्या. आजीने बघितला आणि पालथा ठेवला. 'हा नको.' मुलगी घाबरून मला मेसेज करत होती की मी तिला दुखावलं. दुसऱ्या दिवशी आजीने स्वतःच तो मागितला. फोटोतली दुसरी मुलगी आजीची बहीण होती, दोघींचं भांडण झालेलं, पुढे कधीच बोलणं झालं नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाली, हे लिहून ठेवू नकोस. मग हिला रडू फुटलं, तर आजी म्हणाली, 'रड की, मला काय कळत नाही होय, मी चाललेय ते.' त्यांचा निरोप खरा तिथं झाला. त्या फाईलपुढे आजही फक्त नंबर आहे, बाकी रकाना कोरा, आणि तो तसाच असायला हवा असं माझं मत आहे. सगळंच जपायचं नसतं.

फोटोंचं म्हणाल तर आधी नावं, स्कॅनिंग नंतर, कारण कागद थांबेल. त्यातही रंगीत आधी घ्या, ते ब्लॅक अँड व्हाइटपेक्षा लवकर उडतात. चिकट पानांच्या अल्बममधून किंवा काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, आहे तसाच स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल हलक्या हाताने. लॅमिनेशन नकोच. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.

आजी बोलण्याच्या पलीकडे गेली असेल तर? तरी जा. २०२० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात शेवटच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजाला प्रतिक्रिया दिसली होती. कितपत समजतं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण बोलायला तेवढं पुरेसं आहे. फोटो हातात घ्या आणि यावेळी तुम्ही सांगा, तुला इथं बघितलं की मला काय आठवतं ते. थँक्यू म्हणायचं राहिलं असेल तर तेही म्हणा.

आणि ज्यांची आजी आधीच गेलीय, नावं विचारायची राहूनच गेली, त्यांनी अनोळखी चेहऱ्यांचे फोटो टाकून देऊ नका. घरातल्या उरलेल्या मोठ्यांना एकेक दाखवत राहा, आणि कोणीच ओळखलं नाही तर मागे 'आजीच्या डब्यातला' एवढं तरी लिहा.