बांधकाम सल्लागार कंपनीची 'गावासाठी मदत' म्हणजे नेमकं काय, आणि गावाने तिच्याकडे काय मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेल्या, निधीतून शाळेची इमारत आणि सभागृह होणार आहे. नेमलेल्या सल्लागार कंपनीने ग्रामसभेत पडद्यावर सादरीकरण केलं. अर्ध्या भागात दवाखाने, कॉलेजं, उंच इमारती होत्या आणि उरलेल्या अर्ध्यात वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर. ही मदत खरी की दाखवण्यापुरती, आणि गावाने यांच्याकडून काय मागून घ्यावं?

मी लातूर-धाराशिव भागात अशाच एका सल्लागार कार्यालयात काम करतो. म्हणजे तुम्हाला ज्यांचा संशय येतोय त्यांच्यातलाच एक, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वह्या खऱ्याच वाटल्या जातात आणि पोरं त्या वापरतात. पण वह्या गावातला किराणा दुकानदारही वाटू शकतो. सल्लागाराच्या हातात असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाच्याच हातात नाही? नकाशा, निविदेतल्या अटी आणि गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, बिलावरची सही. गावाचं भलं व्हायचं असेल तर ते या तीन जागी होतं. तिथे झालं नाही तर वृक्षारोपणाने भरून निघत नाही.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण गावात तिथेच गैरसमज होतो. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. तुमची शाळा त्या पैशातून होतेय. सल्लागार कार्यालयं बहुतेक भागीदारीत किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असतात, त्यांना हे कलम लागूच नाही. त्यांच्या वह्या त्यांच्या खिशातल्या, पण शाळा मात्र देणाऱ्या कंपनीची, आणि सल्लागाराची फी त्याच कामाच्या खर्चात धरलेली. तेव्हा 'आम्ही शाळा बांधून दिली' असं सल्लागार म्हणाला तर चहा पाजा आणि सोडून द्या.

आता किल्लारी. आमच्या भागात या विषयावर बोलायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. बांधकाम सल्लागार आणि गावकरी यांचं नातं कसं असावं आणि कसं नसावं, हे दोन्ही एकाच तालुक्यात शेजारी शेजारी बघायला मिळतं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप 6.2 चा, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यमच. माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा, दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर लाकडी खणांवर मातीचं माळवद, आणि पावसात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती. भिंतींचे थर सुटले आणि माळवद खाली आलं. त्यातून हा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 साली भूकंपाचं मानक सुधारलं, पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात गेला.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि गावांचे गट पडले. सगळ्यात जास्त नुकसान झालेली 52 गावं नव्या जागी हलवली. काही गावांची घरं आहे तिथेच नव्याने बांधायची ठरली. आणि बाकीच्या, संख्येने कितीतरी जास्त असलेल्या गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची.

या कामात सल्लागार नुसते तांत्रिक नव्हते. लोकसहभागासाठी वेगळे सल्लागार नेमले गेले, म्हणजे 'गावाला विचारणं' हे फी देऊन करून घ्यायचं काम ठरलं. हलवलेल्या गावांसाठी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे ही जबाबदारी होती आणि दुरुस्तीच्या गावांसाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे. या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या आणि त्यांना 'संवाद सहायक' केलं. भिंतीला भोक पाडून त्यात आकडी सळई घालून काँक्रीट का भरायचं, माळवदावरची माती का उतरवायची, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरका टेकू का द्यायचा, हे या बायका शेजारणीला तिच्याच ओसरीत उभ्या राहून सांगत. पैसा हप्त्याने मिळे, एक टप्पा झालेला दिसला की पुढचा हप्ता. घरमालकच माल आणायचा, मिस्त्री ठरवायचा, भांडायचा. दोन लाखांच्या आसपास घरं अशी दुरुस्त झाली.

हलवलेल्या गावांची गोष्ट वेगळी. तिथली बरीच गावं देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली होती आणि अनेक ठिकाणी नकाशा आधी झाला, विचारणं नंतर. जमिनीच्या हिशोबाने 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं, सरळ रुंद रस्ते, चौकोनी आखणी. कागदावर नमुनेदार. पण जुन्या गावात ढाळजेत बसून बाप्ये बोलायचे, मागे परसात जनावरं आणि कडबा, गल्ली वळणाची असल्याने बायकांना उंबऱ्यावर बसता यायचं. नव्या घरात जनावर कुठे बांधायचं याला उत्तरच नव्हतं. आज त्या गावांतून फिरलात तर मूळ घर ओळखायला वेळ लागतो. पुढे पत्र्याचं शेड, मागे गोठा, मध्ये भिंत घालून केलेलं अंगण. जे आधी विचारलं नाही ते लोकांनी स्वतःच्या पैशाने नंतर बांधलं. त्यांना नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. मजबुतीच्या बाबतीत ही घरं जुन्या वाड्यांपेक्षा चांगली आहेत, उन्हाळ्यात मात्र भट्टी होतात.

2001 साली भुजचा भूकंप झाला तेव्हा गुजरातने मुख्य भर घरमालकाने स्वतः बांधायच्या पद्धतीवर दिला, आणि लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. माझ्या मते ते दुरुस्तीचं काम हे आमच्या धंद्याने मराठवाड्यात केलेलं सगळ्यात मोठं समाजकार्य. आणि त्याचा फोटो कुठल्याच सादरीकरणात नसतो.

तुमचं काम याच्या तुलनेत लहान आहे, पण मुद्दे तेच.

नकाशापासून सुरुवात करा. सरपंच आणि मुख्याध्यापकांची सही झाली म्हणजे गावाला विचारलं असं आमची मंडळी धरून चालतात. तुम्ही म्हणा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना आणि आठवीतल्या मुलींनाही हा नकाशा दाखवा, आणि कागदावर नको, जमिनीवर फक्की मारून दाखवा. मी पाहिलेल्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार थेट पारासमोर उघडत होतं. फरशी उत्तम, नळाला पाणी, आणि वापर शून्य. नकाशात दाराची बाजू बदलायला एक रेघ लागली असती. बांधून झाल्यावर आडोशाची भिंत घालावी लागली आणि तिचे पैसे कुणी द्यायचे यावर वर्ष गेलं. तसंच सभागृहाचं. व्यासपीठ किती फूट उंच, हे सगळे आवडीने विचारतात. लग्नाचा स्वयंपाक कुठे होणार आणि खरकटं पाणी कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही.

जमीन काळी असेल तर माती परीक्षणाचा अहवाल मागाच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा पडतात. 'शेजारच्या कामावरून अंदाज घेतला' हे उत्तर चालवून घेऊ नका.

निविदेतल्या अटी ही सल्लागाराची खरी ताकद, आणि गावाचं तिकडे लक्ष नसतं कारण तो गठ्ठा कुणी वाचत नाही. त्यात तीन गोष्टी आहेत का ते बघा.

एक, मजूर. इमारत बांधकामावर 1 टक्का उपकर भरावा लागतो आणि तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. त्यातून नोंदणी झालेल्या कामगाराला, त्याच्या पोरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला, बाळंतपणाला मदत मिळते. नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती या दाखल्यावर. तो द्यायला गुत्तेदार टाळाटाळ करतो, कारण दाखला दिला की माणूस कामावर होता हे कागदावर येतं. सल्लागाराने अट घालायची की दाखले दिल्याशिवाय पुढचं रनिंग बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) निघणार नाही. सल्लागाराला यात एक रुपयाचा खर्च नाही. तुमच्या गावातल्या बिगाऱ्यांना आणि बिगारी बायांना मात्र याचा वह्यांपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होईल. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर लहान पोरांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई देणं बंधनकारक होतं. तुमच्या कामावर एवढ्या नसतील, तरी सावलीची एक जागा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी अटीत लिहून घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

दोन, 'स्थानिकांना रोजगार'. हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं आणि प्रत्यक्षात गावाला रखवालदारी, मुरमाच्या खेपा आणि पाण्याचा टँकर मिळतो. सेंटरिंग आणि सळईची टोळी बाहेरून येते, कारण गुत्तेदाराचा मुकादम तिच्याशी आधीच बांधलेला असतो. मी त्यालाही फार दोष देत नाही, स्लॅबच्या आदल्या रात्री नवशिके घेऊन कुणी काम करत नाही. पण गावातल्या दोन-चार गवंड्यांना टोळीबरोबर सळई बांधायला घ्यायचं, त्यांची नावं करारात लिहायची, एवढं होऊ शकतं. नुसतं 'प्राधान्य देण्यात येईल' असं लिहिलं असेल तर ते खोडलेलंच समजा.

तीन, पाणी. आमच्याकडे हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, हे विसरून निविदा काढणारे अजून आहेत. काँक्रीटवर निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं आणि कामाचा जोर नेमका मार्च ते मे महिन्यांत असतो. ते पाणी गावाच्या बोअरमधून उचलणार असतील तर तेव्हाच हरकत घ्या. बाहेरून आणायचं पाणी आणि ओल्या गोणपाटाचा खर्च दरपत्रकात आधीच धरायला लावा. नंतर गुत्तेदार म्हणणार, 'पाणी तर गावाने द्यायचं ठरलं होतं', आणि ते कुणी ठरवलं होतं हे कुणालाच आठवणार नाही.

राहिली सही. गुत्तेदाराचं बिल सल्लागाराच्या सहीशिवाय निघत नाही. त्या सहीआधी जागेवर मोजमाप झालं का, काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासले का, याचे कागद असतात. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एवढंच मागा. वाचता आलं नाही तरी चालेल. प्रत गावात आहे हे माहीत असलं की साइटवरचा पोरगा इंजिनिअर जास्त सावध राहतो, हे मी स्वतः साइटवर राहिलेला माणूस म्हणून सांगतो. दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात निघालेले दोष गुत्तेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) किती आणि त्यासाठी गुत्तेदाराची किती रक्कम अडवून ठेवली आहे, हेही लिहून घ्या. त्या काळात एक तरी पूर्ण पावसाळा यायला हवा, कारण स्लॅबची गळती पावसातच कळते. हस्तांतराच्या वेळी वीज आणि पाण्याच्या लाइनी प्रत्यक्षात जशा टाकल्या तसा नकाशा घ्या, नाहीतर पाच वर्षांनी पाइप शोधायला फरशी फोडाल.

हे सगळं मागितल्यावर सल्लागार चिडला तर एक समजून घ्या. तो तुमचा नोकर नाही, त्याला पैसे देणारी कंपनी वेगळी आहे. म्हणून मागणी तोंडी करू नका. ग्रामसभेचा ठराव करा आणि प्रत त्या कंपनीच्या सीएसआर विभागाला पाठवा. बऱ्याचदा तिथल्या लोकांना हे आवडतं, कारण त्यांनाही वर अहवाल द्यायचा असतो आणि 'ग्रामसभेच्या ठरावानुसार' हे शब्द त्यात फार शोभतात.

आणि सादरीकरणातल्या उंच इमारतींकडे दुर्लक्ष करा. त्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी पूर्ण केलेल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेचा पत्ता मागा. भर पावसाळ्यात दोघं-तिघं मोटारसायकलवर जा, शिपायाला आणि खिचडीवाल्या बाईंना भेटा, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का ते बघा. सल्लागाराला सोबत नेऊ नका.