बाना (घर नक्की करताना द्यायची आगाऊ रक्कम) देण्याआधी : गृहकर्जाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाघोडिया रोडला 36 लाखांचा फ्लॅट बघितलाय, काम अजून चालू आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो, 90 टक्के कर्ज आरामात होईल. हाताशी 5 लाख आहेत. पुरतील? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : नाही पुरणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमात 90 टक्क्यांची मुभा आहे ती 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला. कर्ज 30 लाखांच्या वर गेलं की 80 टक्के, 75 लाखांच्या वर गेलं की 75. तुमच्या 36 लाखांचे 90 टक्के होतात 32 लाख 40 हजार, म्हणजे कर्ज वरच्या टप्प्यात गेलं आणि तिथे 80 टक्क्यांनी 28 लाख 80 हजारच मिळतात. नेमकं 30 लाखांचं कर्ज मात्र 90 टक्क्यांच्या टप्प्यात बसतं, त्यामुळे तुमच्यासाठी कमाल आकडा 30 लाख. तोही पगार आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) बघून.

उरलेले 6 लाख झाले घराचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के, म्हणजे 1,76,400, आणि रजिस्ट्रेशन 1 टक्का, 36,000. सौद्यापेक्षा जंत्रीचा (सरकारने ठरवलेला) भाव जास्त निघाला तर ड्युटी जंत्रीवर बसते. काम चालू असल्याने जीएसटीही आहे. कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्रफळ) 90 चौरस मीटरच्या आत आणि किंमत 45 लाखांच्या आत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5. एक टक्का धरला तरी बेरीज 8,48,400 वर जाते. वकील, प्रोसेसिंग फी, सोसायटीचं मेंटेनन्स डिपॉझिट हे सगळं वेगळं. ड्युटी-रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. साडेनऊ लाख जमेपर्यंत थांबा किंवा लहान घर बघा. फरक भरायला पर्सनल लोन घेऊ नका : त्याचा हप्ताही बँक तुमच्या ऐपतीतून वजा करते आणि गृहकर्जच आक्रसतं.

प्रश्न : बिल्डर 1 लाख बाना आजच मागतोय, कर्ज नंतर बघू म्हणतो. शिवाय थोडी रक्कम रोख द्या, दस्तावेज (खरेदीखत) कमी किमतीचा करू, असंही सुचवलंय.

उत्तर : क्रम उलटा करा. आधी बँकेकडून तुमच्या उत्पन्नावरचं मंजुरीपत्र घ्या, मग गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा, बाना त्यानंतर. आणि बाना चेकनेच द्या. पावतीवर ‘बँकेने कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ लिहून घ्या, कारण तोंडी शब्दाला नंतर कोणी ओळख देत नाही. बानाखत (विक्रीचा करार) रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा रेराचा नियम. तुमच्या बाबतीत 3 लाख 60 हजार.

रोखीचं सरळ नाही म्हणा. दस्तावेज 30 लाखांचा झाला तर कर्जही 30 लाखांच्याच हिशेबाने, कमाल 27 लाख. वरचे 6 लाख रोखीने तुम्हालाच उभे करावे लागतील. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

प्रश्न : घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर रजिस्ट्रेशन माफ होतं म्हणतात. हप्ते मी भरणार आहे.

उत्तर : होतं. गुजरातेत खरेदीदार फक्त महिला असतील तर ती 1 टक्का फी लागत नाही. स्टॅम्प ड्युटी मात्र लागतेच, आणि तुमचं नाव जोडलं की माफी गेली. कर्ज तुमच्या पगारावर मिळायचं तर तुम्ही सहकर्जदार व्हाल, पण मालक नसाल, म्हणून जुन्या करपद्धतीतली व्याजाची वजावट (राहत्या घरावर वर्षाला 2 लाखांपर्यंत) तुम्हाला घेता येणार नाही. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर राहत्या घरावर ती तशीही नाही, मग 36 हजार वाचवा की खुशाल.

प्रश्न : दर वाढला तर हप्ता वाढतो का?

उत्तर : बऱ्याचदा वाढत नाही, आणि दुखणं तेच आहे. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरा. हप्ता 26,035. पहिल्या हप्त्यातले 21,250 निव्वळ व्याज, मुद्दल फिटतं जेमतेम 4,785. सुरुवातीलाच दर 9 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत 240 वरून 267 महिन्यांच्या पुढे जाते, म्हणजे एकूण सात लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. तेच हप्ता 957 रुपयांनी वाढवला तर मुदत 20 वर्षंच राहते आणि जादा जातात सुमारे 2 लाख 30 हजार.

दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे विचारणं रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकाने बँकांना बंधनकारक केलंय. मेसेज आला की तो सरकवून न देता शाखेत लेखी अर्ज द्या : मुदत तीच, हप्ता वाढवा. दिवाळीच्या बोनसमधून मुद्दलात भर टाकायची असेल तर बदलत्या दराच्या कर्जावर त्याला दंड नाही. भर टाकतानाही ‘मुदत कमी करा’ असं लिहूनच द्या.