वाचक विचारतात : मालिकेतल्या शिव्या घरात आल्या

प्रश्न : रात्रीच्या जेवणाला घरचे सगळे टीव्हीसमोर बसतो. परवा आमचा आठ वर्षांचा पोट्टा कापूस वेचणाऱ्या बायांसमोर वेबसिरीजमधली शिवी बोलून गेला. या मालिकांना सेन्सॉर नसतं का? – एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नसतं. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र थेटरातल्या सिनेमाला लागतं. ओटीटीसाठी, म्हणजे नेटवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपसाठी, २०२१चे नियम आहेत. त्यांत कंपनीनेच मालिकेला गट द्यायचा असतो : यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ (आकडा म्हणजे वय) किंवा ए (फक्त मोठ्यांसाठी). गटाशेजारी कारणही लिहितात. तिथे ‘भाषा’ दिसलं की शिव्या आहेत असं समजा. १३+ आणि त्यावरच्या मालिकांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावीच लागते, पण ते कुलूप लावायचं तुम्हाला.

बहुतेक घरी चूक इथेच होते. पोराचं वेगळं प्रोफाइल काढतात, त्याला ७+ची मर्यादा घालतात आणि मोठ्यांचं प्रोफाइल उघडंच ठेवतात. पोरगं रिमोटने मोठ्यांच्या प्रोफाइलवर सरकतं, झालं. म्हणून पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला लावा. मोबाईल नंबरचे शेवटचे आकडे पिन म्हणून ठेवू नका, पोरांना ते पाठ असतात. रिचार्जसोबत मिळालेल्या ओटीटीचं लॉगिन बहुधा बापाच्या नंबरवर असतं. तो फोन पोराच्या हातात असेल तर ओटीपी मागवून पिनही बदलता येतो. शिवाय त्याच मालिकेचे तुकडे यूट्यूबवर आणि रील्समध्ये फिरतात. तिथे हे कुलूप चालत नाही.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय, असं नियम सांगतात. गट चुकीचा दिला असेल, तर तक्रार जरूर करा. नुसत्या शिव्या आहेत म्हणून केस टिकणं मात्र कठीण. ‘कॉलेज रोमान्स’ मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं, की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. आम्हाला ते पटतं. चिडलेला माणूस शिवी देतो, तशी पात्रानेही द्यावी. खटकतं ते वेगळंच : वऱ्हाडी माणूस दाखवायचा म्हणून दर वाक्याला शिवी घालणं. आपल्याकडचं ‘काय बे’ ही शिवी नाही, दोस्तांतली हाक आहे.

पोराला मारू नका. आणि त्याच्या तोंडून शिवी ऐकून घरात कोणी हसू नका, कारण हसलं की तो ती पुन्हा म्हणतो. शब्दाचा अर्थ बेताने सांगा, आणि त्या बायांपुढे तो शब्द का बोलायचा नाही तेही.