जुन्या वाड्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या सापडल्या आहेत. त्यांचं वय कसं ओळखायचं, त्या साफ कशा करायच्या आणि नाशकात अजून कुठे मिळतील?

बाटल्या अजून धुतल्या नसतील तर आधी थांबा. जुन्या नाशकातला वाडा उतरवताना माळ्यावर त्यांची पेटी निघाली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे धुळीखाली काचेला कागद चिकटलेला असण्याची बरीच शक्यता आहे, आणि माझ्या मते खरा ऐवज तो कागदच.

पूर्वी दवाखान्यात जाताना रिकामी बाटली घरूनच न्यायची पद्धत होती. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरायचा आणि बाहेरून कागदाची उभी पट्टी डकवायचा. पट्टी घडी घालून कडेला कात्रीने छाटलेली असायची. उलगडली की कंगव्यासारखे दाते. एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं औषध म्हणजे एक डोस, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही किती घ्यायचं ते कळायचं. अशी पट्टी शाबूत असलेली साधी बाटली मला कुठल्याही निळ्याशार विलायती बाटलीहून मोलाची वाटते. काच टिकते, पट्ट्या मात्र पुढच्या वेळी बाटली विसळताना निघून जायच्या.

याच पद्धतीमुळे वय ठरवणं अवघड होतं. बाटली पुन्हा पुन्हा भरली जायची, डबा-बाटलीवाल्याकडून दुसऱ्याच घरी पोचायची. मुंबईच्या केम्प अँड कंपनी या औषधविक्रेत्यांचं नाव काचेत उठवलेल्या बाटलीवर गल्लीतल्या डॉक्टरची पट्टी असू शकते. म्हणून काचेचं वय आणि त्यातल्या शेवटच्या औषधाचं वय वेगवेगळं टिपून ठेवा.

काचेसाठी साच्याच्या जोडाची रेघ बघा. बाटली तिरप्या उजेडात धरा आणि रेघेवरून नख फिरवा. रेघ मानेवरच विरली असेल तर तोंड हाताने घडवलेलं आहे. ती थेट ओठावरून वर गेली असेल तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं, म्हणून परदेशी पुस्तकांत या खुणेवरून झटकन साल सांगतात. देशी बाटलीला तो हिशोब लावू नका. तळेगावचा पैसा फंडाचा (लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या निधीचा) काच कारखाना 1908 मध्ये सुरू झाला, आणि आपल्याकडे हाताने किंवा अर्ध्या यंत्रावर बाटल्या करण्याचं काम पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. काचेतले बुडबुडे किंवा किंचित तिरकी मान एवढ्यावरून शंभरी ठरत नाही.

रंगाचंही थोडं सांगतो. तपकिरी काच औषधाला उजेडापासून वाचवते. निळ्या किंवा हिरव्या षटकोनी, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या विषारी द्रव्यांच्या. अंधारात चुकून हात गेला तरी बोटांना कळावं म्हणून तसा आकार. रंगहीन काचेला फिकट जांभळी झाक असेल तर तीत मँगनीज आहे आणि बाटली बराच काळ उन्हात पडून होती.

आता सफाई. कागद असेल तर पाणी अजिबात नको, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. कागद नसेल तर कोमट पाणी, थोडा साबण आणि मूठभर तांदूळ आत घालून हलवा. क्षारांच्या थराला पांढरं व्हिनेगर. उकळतं पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. आतली दुधी झाक धुऊनही जात नसेल तर काचच झिजली आहे. घासून उपयोग नाही. आणि ज्या बाटलीत द्रव किंवा पूड शिल्लक आहे तिचं बूच उघडू नका, वासही घेऊ नका. त्या काळी पारा, सोमल (आर्सेनिक), कुचल्याचं सत्त्व (स्ट्रिक्निन) हे सगळं विषारी औषधांत असायचं. अशी बाटली तशीच, मुलांच्या हाताला न लागेल अशी वेगळी ठेवा आणि आतल्या पदार्थाचं काय करायचं ते जाणकार केमिस्टला विचारा.

मिळण्याच्या जागा म्हणाल तर गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार आणि भंगारवाले. भंगारवाल्याशी ओळख ठेवा, त्याला नुसतं ‘धुऊ नका’ एवढं सांगून ठेवा. देवळाली इंग्रजांची छावणी आणि हवापालटाचं ठिकाण, त्यामुळे तिकडच्या जुन्या बंगल्यांच्या सामानात विलायती माल जास्त. विकत घेताना तळ उलटा करून बघा: खऱ्या वापरातल्या बाटलीच्या तळाच्या कडेवर वेड्यावाकड्या बारीक चरांची झीज असते. तळ कोरा आणि अक्षरं बोथट असतील तर मी पैसे देत नाही. घाटावर किंवा पडक्या वास्तूंत खणायला मात्र जाऊ नका. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते, तेव्हा परदेशी विकायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

तुमच्या पेटीतल्या प्रत्येक बाटलीचे तीन फोटो टाका: तळ, तोंड आणि कागद असलेली बाजू. पट्टीचे दाते मोजता येतील इतक्या जवळून काढा.