दिवाळीसाठी तासाभरात घरी करता येईल अशी सोपी सजावट कोणती?

आपण बडोद्यात मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहता, घरात दोन लहान मुले आहेत, दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे, घरात थर्माकोल पडून आहे, आणि “आकाशकंदिलासारखे अवघड प्रकार सोडून” तासाभरात होईल असे काही सुचवावे, असा आपला प्रश्न आहे. थर्माकोलचा विषय आधी संपवते. सजावटीच्या थर्माकोलची विक्री आणि वापर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, आणि बंदी नसती तरी त्याचा चुरा पुढे कितीतरी दिवस घराच्या कोपऱ्यांतून निघत राहतो. तासाभरातच काही हवे असेल तर आसोपालवाची पाने आणि झेंडूची फुले आणून मुलांकडून तोरण ओवून घ्यावे, किंवा जाड रंगीत कागद मधोमध दुमडून, घडीच्या बाजूने चिरा पाडून, गोल चिकटवून शाळेत सगळेच करतात तसला कंदील करावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे संपते.

परंतु आकाशकंदील अवघड असतो हे मला मान्य नाही. हेच वाक्य आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते अनोळखी माणसाने लिहिलेले वाचूनही उत्तर देण्याचा मोह आवरला नाही.

आम्ही दांडिया बाजारातले जुने घर सोडून फ्लॅटमध्ये आलो त्या वर्षी सामानाबरोबर कंदिलाचा बांबूच्या कामट्यांचा सांगाडाही टेंपोतून आणला होता. मी त्याच्यावर नवा कागद चढवत असतानाच, वसुबारसेच्या संध्याकाळी, जाऊबाई प्लास्टिकचा तयार कंदील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आता एवढ्या चांगल्या जागेत राहायला आलीस, तो कागदी पसारा कशाला? लोकांना वाटेल विकत घ्यायची ऐपत नाही.” घरातल्या पुरुषांनी अशा प्रसंगी जे करायचे असते तेच आमच्या घरी झाले. यजमानांनी जाऊबाईंचा कंदील दिवाणखान्याच्या बाल्कनीत आणि माझा स्वयंपाकघराच्या बाल्कनीत टांगला, आणि आपण फार मोठा न्याय केला अशा समाधानात ते वर्तमानपत्र वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बेन हे कोणी केले म्हणून विचारत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे सासरे आले. ते तरुणपणी पतंग बनवण्याचे काम करीत असत. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, रात्री पतंगाच्या दोरीला बांधून दिवा लावलेले कागदी कंदील, म्हणजे तुक्कल, सोडतात, ते त्यांनी हातांनी केलेले असल्यामुळे माझ्या सांगाड्याकडे त्यांनी कौतुकाने नव्हे, तर कारागिराच्या डोळ्यांनी पाहिले. पेर आलेली कामटी वाकवली की पेरापाशीच मोडते, म्हणून दोन पेरांमधलाच तुकडा घ्यावा; बांबूची सालीकडची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी; आणि खळ कागदाला न लावता कामटीला लावावी, म्हणजे कागद भिजून सुरकुतत नाही, असे त्यांनी मला गुजरातीत सांगितले. नंतर त्यांनी आपल्या नातवंडांसाठी एक कंदील करून मागितला. हे सगळे मी जाऊबाईंना मुद्दाम सविस्तर सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “शेजाऱ्यांना नवल वाटले म्हणून ती वस्तू सुंदर ठरत नाही.” या वाक्याला मला आजपर्यंत चांगले उत्तर सुचलेले नाही, हेही मान्य करते.

आता कृती सांगते, म्हणजे अवघड काय आहे ते आपणच ठरवावे. वीस सेंटिमीटरच्या चोवीस आणि अठ्ठावीस सेंटिमीटरच्या सहा कामट्या घ्याव्यात. बांधणीसाठी प्रत्येक टोकाला थोडी जास्तीची लांबी ठेवावी. चोवीस कामट्यांचे सहा चौकोन बांधावेत. त्यांपैकी चार चौकोन टोकावर उभे करून त्यांचे आजूबाजूचे कोपरे एकमेकांना बांधले की कडे तयार होते. पाचव्याचे चार कोपरे वरच्या चार टोकांना आणि सहाव्याचे खालच्या चार टोकांना बांधावेत. चौकोनांच्या मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. मी बरीच वर्षे गणित शिकवीत होते आणि भूमितीच्या तासाला हा सांगाडा वर्गात नेत असे, त्यामुळे पुढची गोष्ट जोर देऊन सांगते. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, म्हणून या अवस्थेत सांगाडा हातात घेतला तर तो पिळला जातो आणि आत दबतो, आणि नेमके येथेच बहुतेक जण “आम्हाला जमत नाही” म्हणून उठतात. त्या सहा लांब कामट्या यासाठीच आहेत. प्रत्येक चौकोनात एक कर्ण बांधला की सगळा सांगाडा ताठ उभा राहतो. वरच्या चौकोनाच्या कर्णाला बल्बचा होल्डर बांधता येतो, म्हणून ते वेगळे कामही वाचते. तयार सांगाडा सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर उंच आणि मध्यभागी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाळीस सेंटिमीटर रुंद होतो.

बांधण्यासाठी साधा सुती दोरा घ्यावा. घरात उत्तरायणाचा उरलेला मांजा असतोच, पण त्याने मुलांची बोटे कापतील. कागद पतंगाचाच घ्यावा, कारण तो पातळ असूनही चिवट असतो आणि त्यातून उजेड छान गाळून येतो. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा, एवढेच पुरे, जिलेटिनचा चकचकाट करू नये. मैद्याची खळ घट्ट शिजवून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातले की कीड लागत नाही, मात्र मोरचूद विषारी असल्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवावा, आणि खाली झिरमिळ्या लावाव्यात.

जाऊबाईंच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे न्याय्य आहे. दिवाळीत अवेळी पाऊस आला तर कागदाचा रंग ओघळतो, म्हणून कंदील स्लॅबखालीच टांगावा. दुसरे असे की कागद बहुतेक दरवर्षी बदलावा लागतो, आणि प्लास्टिकच्या कंदिलाला तो त्रास नाही, असे त्या म्हणतात. परंतु त्यांनी त्या वर्षी आणलेला कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत उन्हाने पांढुरका पडला होता, आणि आता त्या दर वर्षी नवा आणतात. माझा सांगाडा दांडिया बाजारातला तोच आहे. ऐपतीचाच हिशेब करायचा असेल तर तो त्यांनी करावा, मी या विषयावर घरात बोलणे सोडून दिले आहे.

थोडे राहिले. आत मेणबत्ती किंवा जुना पिवळा बल्ब लावू नये, कमी वॅटचा एलईडी लावावा. कामट्या तासण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि कडांवरून सँडपेपर फिरवावा, नाही तर मुलांच्या बोटांत कुसळे जातात. फार लहान मुलांना फक्त झिरमिळ्या कातरायला द्याव्यात. तासाभरात हे होणार नाही, पहिल्या संध्याकाळी सांगाडा आणि दुसऱ्या संध्याकाळी कागद असे दोन भाग केले तर होईल. सामान मात्र दिवाळीच्या आधीच आणावे, कारण पाडव्यानंतर लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, येथील बरीच दुकाने उघडत नाहीत. पतंगाची दुकाने बंद असल्यास टोपल्या विणणाऱ्यांकडे कामट्या मिळतात, आणि मागितल्यास ते हव्या त्या जाडीच्या चिरूनही देतात.