सिरिंज मांडीशी नेते आणि हात थिजतो

‘ताई, मला रुमॅटॉइड संधिवात आहे. गोळ्यांनी पोट बिघडायचं म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन सुरू केलं, दर शुक्रवारी एक. आतापर्यंत नवरा द्यायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याची बदली झाली. आता भरलेली सिरिंज मांडीशी नेते आणि हात थिजतो. तासतासभर तशीच बसून राहते. कॉलेजात असताना रक्त काढताना चक्कर येऊन पडले होते, तेच आठवत राहतं. हल्ली तर गुरुवारीच त्या पिवळ्या औषधाच्या विचाराने मळमळायला लागतं. गेल्या सहा शुक्रवारांपैकी तीन चुकवले आणि डॉक्टरांना मात्र “घेतेय” असं सांगितलं. बोटं पुन्हा सुजलीत. लेकीला लस देताना “काही होत नाही गं” म्हणणारी मी, स्वतःला एक सुई टोचू शकत नाही. फार लाज वाटते.’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या त्या ‘घेतेय’पासून सुरुवात करते, कारण सुईपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. तुझी सुजलेली बोटं बघून डॉक्टर काय समजतील? औषध लागू पडत नाही, असंच ना? मग ते डोस वाढवतील किंवा दुसरं जास्त कडक औषध देतील, आणि तो निर्णय तू न घेतलेल्या इंजेक्शनांवर उभा असेल. म्हणून शुक्रवारची वाट न बघता आधी फोन कर. लांबलचक खुलासा नको. ‘तीन इंजेक्शनं चुकली आहेत, स्वतःला टोचायची भीती वाटते, पुढे कसं घेऊ?’ एवढंच विचार. असं सांगणारी तू पहिली नाहीस. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. चुकलेलं भरून काढायला दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे आणि जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं.

आता लाजेचं बोलू. लेकीला लस देताना सुई नर्सच्या हातात असते, तुझ्याकडे फक्त धीर देण्याचं काम असतं. नवरा टोचायचा तेव्हा तू तोंड फिरवू शकत होतीस. आता टोचणारी तू आणि टोचून घेणारीही तूच. अणकुचीदार वस्तू अंगाजवळ आली की हात मागे घ्यायचा, हे शरीराला कुणी शिकवावं लागत नाही. तुझा हात तेवढंच करतोय.

मी स्वतः अकरा वर्षं इन्सुलिन घेते. सुरुवातीला पेन पोटाशी धरून मी दहापर्यंत आकडे मोजायचे. दहा झाले की पुन्हा एकपासून. टोचणं क्षणात संपायचं, पण त्याआधीची वीस मिनिटं मी पिळून निघायचे. बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं की प्रत्येक आकडा म्हणजे माघार घ्यायची आणखी एक संधी होती. तेव्हापासून मी मोजत नाही. टोपण काढलं की एक श्वास सोडायचा आणि त्या श्वासाबरोबरच सुई आत. तू जो तास बसून काढतेस, त्या तासातच भीती वाढते. शेवटी सिरिंज खाली ठेवलीस की हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढचा शुक्रवार आणखी अवघड होतो.

चक्कर येण्याची गोष्ट मात्र वेगळी, ती नीट समजून घे. एरवी माणूस घाबरला की रक्तदाब चढतो, म्हणून सहसा चक्कर येत नाही. रक्ताची आणि सुईची भीती असलेल्या काहींच्या बाबतीत तो आधी चढतो आणि मग झपकन उतरतो, नाडी मंदावते, मेंदूकडे रक्त कमी जातं. अशा वेळी ‘अंग सैल सोड’ हा सगळ्यांचा आवडता सल्ला उलटा पडू शकतो. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात यावर एक उपाय मांडला. स्नायू आवळायचे, 10 ते 15 सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग 20-30 सेकंद नेहमीसारखं बसायचं, अगदी गळून जायचं नाही. असं पाच वेळा. त्याने रक्तदाब टिकून राहतो. मुठी मात्र तू आवळू नकोस, तुझी बोटं आधीच दुखतात. मांड्या, पोट, नितंब पुरेसे आहेत. इंजेक्शन नसलेल्या दिवशीही सराव कर. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून घे. इंजेक्शन घेताना मागे टेकून, पाय वर घेऊन बस. पाच वेळा आवळून झालं की ज्या मांडीत घ्यायचं ती तेवढी सैल सोड, कारण ताणलेल्या स्नायूवर टोचलं की जास्त दुखतं.

गुरुवारच्या मळमळीला मनाचे खेळ म्हणू नकोस. हे औषध घेणाऱ्या अनेकांना असं होतं. आधी इंजेक्शननंतर मळमळलेलं असतं, शरीर त्या पिवळ्या रंगाशी त्याची गाठ बांधतं आणि मग नुसत्या आठवणीनेही ढवळायला लागतं. डॉक्टरांना हेही सांग, त्यावर त्यांच्याकडे उपाय आहेत. त्याच फोनवर ऑटोइंजेक्टर पेनचंही विचार. त्यात सुई दिसत नाही आणि दट्ट्या अंगठ्याने दाबत बसावा लागत नाही. मला तर शंका येते की तुझा हात अडतो त्यात भीती किती आणि सुजलेला सांधा किती, हे तुलाही सांगता येणार नाही.

मधल्या दिवसांत सिरिंजशी ओळख वाढव. टोपण न काढता ती मांडीला लाव आणि तशीच धरून राहा. छाती धडधडेल. धडधडू दे, ती उतरेपर्यंत हलवू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दवाखान्यात जाऊन नर्ससमोर एकदा स्वतःच्या हाताने टोचलंस तर फार बरं. त्या तुझा हात धरणार नाहीत, पण शेजारी असतील.

शुक्रवारी सगळं आधी मांडून ठेव, सुया टाकायचा जाड डबासुद्धा. जागा पुसल्यावर पूर्ण वाळू दे. ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं, आणि आपण त्याचा दोष सुईला देतो. मांडीची पुढची किंवा बाहेरची बाजू घे. पोटावर घेत असशील तर बेंबीपासून दोन इंच लांब. शिकवलंय तशी त्वचा चिमटीत धर. औषध मांसात जायचं नाही, कातडीखालच्या चरबीत जायचं आहे. सुई म्हणूनच एवढी छोटी असते. रक्ताचा थेंब आला तर घाबरू नकोस, कापूस दाबून धर, चोळू नकोस.

नवऱ्याला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर ठेवायचं असेल तर जरूर ठेव. ‘घे गं, घे गं’ असं म्हणायचं नाही, एवढं त्यांना आधी बजाव. झालं की कॅलेंडरवर त्या शुक्रवारी ‘उ’ किंवा ‘डा’ लिही, उजवी की डावी. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला घ्यायचं आहे.

तुझी,
ताई