अमेरिकेत इन्शुरन्स एजंटचं लायसन्स म्हणजे खरंच 'चार दिवसांचं काम' आहे का?

विचारणाऱ्यांनी विचारलंय की अमेरिकेत इन्शुरन्स एजंट व्हायला किती शिकावं लागतं, परीक्षा कशी असते, लायसन्स कोण देतं. आणि शेवटी जोडलंय, "बायकोला करायचंय, नातेवाईक म्हणतात चार दिवसांचं काम आहे." मी या विषयावर लिहिणार नव्हते. पण 'नातेवाईक म्हणतात' वाचलं आणि राहवलं नाही. असले नातेवाईक माझ्याकडेही आहेत.

आधी कामाचं. अख्ख्या अमेरिकेचं असं एक लायसन्स नसतंच. 1945 च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचा कारभार राज्यांच्या हातात ठेवला, त्यामुळे जितकी राज्यं तितके नियम. न्यू यॉर्कमध्ये घर-गाडीपासून दुकान-धंद्यापर्यंतचा विमा विकायला परीक्षेआधी 90 तासांचा कोर्स करावा लागतो. आमच्या टेक्सासात कोर्सची सक्तीच नाही. घरी पुस्तक वाचा, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर परीक्षा देऊन 70 मिळवा, बोटांचे ठसे द्या, 50 डॉलर भरून टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे अर्ज करा, झालं. याच राज्यात न्हाव्याला लायसन्ससाठी 1000 तास भरावे लागतात. वेडेवाकडे कापलेले केस महिन्याभरात वाढतात, चुकीची पॉलिसी वीस वर्षं हप्ते खाते. मला हे आजही पटलेलं नाही.

मग आमच्या भाऊजींचंच बरोबर होतं म्हणायचं का? तर ऐका.

एच-4 वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या एच-1बी नोकरीच्या व्हिसावर सोबत आलेल्या, काही बायकांना 2015 पासून वर्क परमिट मिळायला लागलं. माझं पुढच्या वर्षी आलं. त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत, हातात मोदकाची प्लेट घेऊन, याच भाऊजींनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, मला गाठलं. ते स्वतः दिवसा आयटीत आणि संध्याकाळी एका एजन्सीत. म्हणाले, "वहिनी, लायसन्स म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. वीकेंडला पुस्तक चाळा, मंगळवारी परीक्षा. तुमच्या तर रक्तातच आहे हे." रक्तात म्हणजे माझे बाबा. मिरजेत तीस वर्षं आयुर्विम्याचे एजंट. लुनावरून म्हैसाळपासून कवठेमहांकाळपर्यंत फिरले.

परीक्षेची तारीख ठरायच्या आधी भाऊजींनी ओळखीच्या शंभर जणांची यादी मात्र मागून घेतली. एका कुटुंबाकडे मला 'फक्त बसायला' म्हणून नेलंही, आणि तिथे मलाच बोलायला लावलं. लायसन्स नसताना गिऱ्हाइकाला पॉलिसी पटवणं बेकायदा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक असणार.

आणि मंगळवारी मी नापास झाले. 66.

सेंटरवर खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मा काढून द्यायचा, आत जाताना एक पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो. माझा बोर्ड शेवटपर्यंत कोरा होता, कारण मला सगळं 'येत' होतं. तिथेच घोळ झाला. आत्महत्येचं कलम किती काळ? लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकलेलं, एक वर्ष. इथे दोन. नॉमिनी आणि बेनिफिशियरी मी एकच समजत होते. आपल्याकडे नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसांना द्यायचे, असाच व्यवहार आम्ही पाहिलेला. इथे ज्याचं नाव बेनिफिशियरी म्हणून लिहिलंय, पैसे त्याचे. शिवाय टेक्सासात लाइफबरोबर हेल्थ आणि एचएमओही (ठरलेल्या डॉक्टर-दवाखान्यांकडेच उपचार घ्यायची योजना) त्याच लायसन्समध्ये येतात. मिरजेच्या रक्ताला एचएमओ काय माहीत!

तेव्हा परीक्षा किती अवघड? बारावीच्या मानाने काहीच नाही. पण चाळून होत नाही. रोज दोन तास, तीन आठवडे, आणि राज्याच्या कायद्यांचं प्रकरण शेवटी न ठेवता आधी वाचायचं. बहुतेक माणसं तिथेच आपटतात. ज्यांना भारतातल्या विम्याची माहिती आहे त्यांनी जास्त सांभाळावं. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. पास झालात की किती मार्क पडले ते सांगत नाहीत, त्यामुळे भाऊजींना तोंडावर मारायला आकडा मिळाला नाही.

पण खरी ठिणगी त्यानंतर पडली. पहिलंच गिऱ्हाईक, मंडळातलं पुण्याचं जोडपं, टर्म पॉलिसी. सगळं ठरलं, चहा झाला आणि नवरा हसत म्हणाला, "मग किती पास करणार?" भारतात एजंटच्या घरी वाढलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. कमिशनमधले किती परत देणार, पहिला हप्ता कोण भरणार. मी म्हटलं, काही नाही, टेक्सासात हे बेकायदा आहे, लायसन्स जाईल. (कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात नियम सैल आहेत.) ते 'विचार करून सांगतो' म्हणाले आणि मला दरवाज्यापर्यंत सोडायला आले. नंतर त्यांनी ती पॉलिसी भाऊजींकडून घेतली.

मी भांडले. त्यावर भाऊजी म्हणाले, "तुमच्या बाबांनी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

खरं आहे. केलं. मार्चमध्ये आमच्या घरात शिक्षकांची रांग लागायची आणि बाबांची एक लाल वही होती, कुणाचा पहिला हप्ता आपण भरला ते तीत लिहिलेलं. भारतातही 1938 च्या कायद्याचं 41 वं कलम नेमकं हेच करू नका म्हणतं. मी बाबांना फोन करून विचारलं, हे माहीत होतं का? थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाचशे रुपये दंड होता गं. कुणी भरल्याचं ऐकलं नाही." (आता तो दहा लाखांपर्यंत आहे.) बाबांच्या वेळी परीक्षाही नव्हती. ती आली 2000 च्या नियमांनी, 100 तासांच्या प्रशिक्षणासकट. आज दहावी पास माणूस आयसी-38 या एजंटच्या परीक्षेत 35 टक्के मिळवून एजंट होतो. पण बाबा दाव्याच्या वेळी त्या विधवेच्या घरी तीन-तीन चकरा मारायचे, फॉर्म स्वतः भरायचे. भाऊजींना त्यांच्या गिऱ्हाइकाचा पत्ता विचारा. तेव्हा बाबांचं नाव घेऊन स्वतःचं झाकू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

असो, तुमच्या बायकोचं. सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते: कामाची परवानगी नसेल तर कमिशनही कमाईच धरली जाते, एच-4 वर परमिटशिवाय हात लावू नका. आपल्या राज्याचं लायसन्स चालू असेल तर दुसऱ्या राज्याचं सहसा परीक्षा न देता मिळतं. माझी एक गिऱ्हाईक ओक्लाहोमाला गेली तेव्हा मी ऑनलाइन अर्ज करून तिथलं काढलं. टेक्सासात दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्याआधी 24 तासांचं शिक्षण पुरं करायचं. कमी पडेल त्या प्रत्येक तासाला 50 डॉलर दंड. आणि जी एजन्सी लायसन्सआधी नातेवाइकांची यादी मागते तिथून उठून यायचं, बोलावणारा कितीही जवळचा असो. सगळ्या एजन्सी तशा नसतात, हेही खरं. मी आता जिथे आहे तिथे सहा महिने मला एकटीला गिऱ्हाइकाकडे पाठवलंच नव्हतं.

भाऊजींनी ते 24 तास केले नाहीत. नूतनीकरणाची पत्रंही उघडली नाहीत. लायसन्स गेलं आणि वर्ष उलटून गेल्यामुळे आता पुन्हा परीक्षा. दिवाळीला आले तेव्हा माझं पुस्तक घेऊन गेले, पेन्सिलीच्या खुणांसकट. त्याला आता पाच महिने झाले.